सावलीतली पंधरा मिनिटं

मी परत आले तेव्हा बस गेली होती आणि प्रभुदास पाण्याच्या टाकीच्या सावलीत स्वतःच्या बॅगेवर बसला होता.

"बस कुठाय?" मी विचारलं.

"गेली."

"मग तू इथे काय करतोयस?"

"मला ताप आहे म्हणे."

त्याने हे हसत सांगितलं. लहानपणी शाळेतून घरी पाठवलं की असाच हसायचा. मी हाताची पाठ त्याच्या कपाळाला लावली, मग खिशातला थर्मामीटर काढून त्याच्या काखेत दिला आणि घड्याळ बघत उभी राहिले. पाच मिनिटांनी काढला. छत्तीस आठ.

"मघाशी अडतीस दोन होता," तो म्हणाला.

"कुणी बघितला?"

"खोचरेसाहेबांनी. ते बंदुकीसारखं असतं ना, कपाळावर धरायचं, त्याने."

"आणि त्याआधी कुठे उभा होतास?"

"गेटसमोर. रांगेत. साडेआठपासून दहापर्यंत असेन."

गेटसमोर झाड नव्हतं, छप्पर नव्हतं. त्या दिवशी सकाळी नऊलाच पारा चाळीसच्या वर गेला होता. अशा उन्हात दीड तास उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळावर ती बंदूक धरली तर ती ताप दाखवणारच. कातडी तापलेली असते, माणूस नाही. म्हणून तपासणीआधी माणसाला सावलीत पंधरा मिनिटं बसवायचं असतं. ही गोष्ट मी खोचऱ्यांना आदल्या आठवड्यात दोनदा सांगितली होती.

"ताई, जाऊ दे," प्रभुदास म्हणाला. "पुढच्या विमानाने जाईन. मिरज काय पळून जातंय?"

तो गुरुवार होता, २१ मे २०२०. वेळ अकरा दहा.

ओमानच्या किनाऱ्यावर, मस्कतपासून गाडीने अडीच तासांवर, रिमाल कॉन्ट्रॅक्टिंग या कंपनीचा कॅम्प होता. सहाशे कामगार, पत्र्याच्या बराकी, एक मेस आणि दोन खोल्यांचं क्लिनिक. त्या क्लिनिकची मी नर्स. डॉक्टर पूर्वी आठवड्यातून दोनदा यायचे. साथीत रस्ते बंद झाल्यापासून ते फोनवरच होते. प्रभुदास माझा धाकटा भाऊ, वय एकतीस, परांची बांधायचा. त्याला तिथे मीच आणलं होतं. मिरजेत आईला म्हणाले होते, माझ्या नजरेसमोर राहील.

मार्चमध्ये त्याचे पाय सुजले. तपासण्या झाल्या, दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. उन्हात राबणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या तरुण पोरांचं तिथे असं होतं, हे मी आधीही पाहिलं होतं. डायलिसिस लागणार होतं, आठवड्यातून दोनदा. कंपनीच्या विम्यात ते बसत नव्हतं. परदेशी कामगाराला नियमित डायलिसिस मिळेल असं केंद्र मस्कतमध्ये होतं आणि मस्कतचा रस्ता बंद होता. जवळच्या सरकारी इस्पितळातल्या लोकांनी तातडीची बाब म्हणून दोनदा करून दिलं. तिथला डॉक्टर मला म्हणाला, मी याहून जास्त करू शकत नाही, याला घरी ने. मिरजेच्या इस्पितळातल्या माझ्या मैत्रिणीने मंगळवार-शुक्रवारच्या तक्त्यावर त्याचं नाव पेन्सिलीने लिहूनही ठेवलं होतं.

कंपनीने मुंबईसाठी विमान ठरवलं. आमच्या कॅम्पला चाळीस जागा आल्या. यादी आजारपण बघून झाली. प्रभुदास सातवा होता.

मी त्याला क्लिनिकमध्ये आणून झोपवलं आणि खोचऱ्यांच्या ऑफिसात गेले.

दिनकर खोचरे कॅम्प इनचार्ज होते. मूळचे गडहिंग्लजचे, पंचावन्नच्या आसपास, एकवीस वर्षं आखातात काढलेले. बोलायला मिठास. कॅम्पातल्या मराठी माणसांना ते आपले वाटायचे. मलाही वाटायचे.

"या सिस्टर. बसा. तिकडचा पेशंट कसा आहे?"

तिकडचा पेशंट म्हणजे बारा किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॅम्पातला. माणूस कोसळलाय, ताबडतोब निघा, असा त्यांचा सकाळी साडेसातला निरोप होता. गेले तर माणूस खाटेवर बसून चहा पीत होता. घोटा मुरगळला होता, तोही तीन दिवसांपूर्वी.

"बरा आहे," मी म्हणाले. "प्रभुदासला का उतरवलं?"

"मी कोण उतरवणार? मशीनने उतरवलं. अडतीस दोन. सदतीस पाचच्या वर पाठवलं तर विमानतळावरून परत धाडतात. वर कंपनीला बोल लागतो."

"तुम्ही त्यांना उन्हात उभं केलंत."

"अहो, चाळीस माणसं, एक सावली कुठून आणू? मलाही वाईट वाटतंय. तिघे राहिले. पण रिकाम्या जागा पाठवता येतात का? भरल्या."

"कुणी?"

"होती की माणसं वेटिंगला." त्यांनी समोरचा कागद उलटा केला. "पुढच्या विमानात तुमच्या भावाचं नाव पहिलं. माझा शब्द."

मी क्लिनिकमध्ये परत आले. प्रवासाला योग्य असल्याच्या प्रमाणपत्रांचं पुस्तक त्यांनी टेबलावर आणून ठेवलं होतं. प्रत्येक पानावर छापील नंबर. पान फाडून दिलं की त्याची अर्धी पावती पुस्तकात राहते. मी ती एकेक करून चाळली. पहिली अकरा माझ्या अक्षरात, आदल्या आठवड्यातली, दुसऱ्या कामाची. बारा नंबर खोचऱ्यांच्या अक्षरात. ओंकार पाटील, छत्तीस सहा, प्रवासास योग्य. तारीख वीस मे. तेरा नंबरपासून पुढे सगळी एकवीस मेची.

ओंकार पाटील खोचऱ्यांचा भाचा. स्टोअरमध्ये होता, चोवीस वर्षांचा, धडधाकट. यादीत त्याचं नाव कुठेच नव्हतं. रांग लागायच्या आदल्या दिवशीच त्याचं प्रमाणपत्र तयार होतं.

मी पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. प्रभुदासला काही सांगितलं नाही. त्याने विचारलं, "काय म्हणाले?"

"पुढच्या विमानात पहिलं नाव म्हणाले."

"बघ. माणूस वाईट नाही."

पुढचं विमान नऊ जूनला होतं. प्रभुदास एक जूनला गेला. सकाळी त्याला धाप लागली, मी कंपनीची ॲम्ब्युलन्स काढली, इस्पितळ अठरा किलोमीटर होतं. अकराव्या-बाराव्या किलोमीटरला तो म्हणाला, "ताई, खिडकी उघड." ॲम्ब्युलन्सची खिडकी उघडत नाही. मी म्हणाले, "उघडते." पुढे तो काही बोलला नाही.

ख्रिस्ती दफनभूमी गावाबाहेर होती. साथीमुळे फक्त दोघांना परवानगी. नातेवाईक म्हणून मी आणि कंपनीतर्फे एक माणूस. कंपनीतर्फे खोचरे आले. पाळक येऊ शकले नाहीत, म्हणून मीच वचन वाचलं. आई मिरजेला मोबाइलवर होती. माझ्या एका हातात बायबल होतं आणि दुसऱ्या हाताने मूठमाती द्यायची होती.

"द्या इकडे, मी धरतो," खोचरे म्हणाले.

त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी छातीजवळ धरला. सगळं आटपेपर्यंत पंचवीस मिनिटं लागली. मी मधून मधून त्यांच्या हातांकडे बघत होते. ते हलले नाहीत.

संध्याकाळी आई फोनवर म्हणाली, "सगळं स्वच्छ दिसलं गं. फोन कुणी धरलावता?"

"कंपनीतले एक होते."

"जरासुद्धा हलला नाही. देव त्याचं भलं करो."

तक्रार करायची तर ती कॅम्प इनचार्जमार्फत करायची, असा कंपनीचा नियम होता. त्याला डावलून वर गेले असते तर दुसऱ्या दिवशी क्लिनिकची किल्ली माझ्याकडून गेली असती. मला किल्ली हवी होती. का हवी होती, ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं.

चार जूनला मी एक परिपत्रक लिहिलं आणि खोचऱ्यांकडे सहीला नेलं. दोन ओळींचं होतं. तापमान घेण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाने सावलीत पंधरा मिनिटे बसावे. यास अपवाद नाही.

त्यांनी ते वाचलं. "चांगलं केलंत, सिस्टर. पुन्हा असं व्हायला नको." त्यांनी सही केली, शिक्का मारला. मी ते क्लिनिकच्या बाहेर, बाकाच्या वरच्या भिंतीवर चिकटवलं.

नऊ जूनच्या विमानाला मी सगळं शिस्तीत केलं. चाळीस माणसं, एकही उतरला नाही. त्यात अकाउंट्स खात्यातले तिघे होते. त्यांचं ऑफिस क्लिनिकला लागूनच, ते थेट गार खोलीतून आले, म्हणून मी त्यांना बसवलं नाही. नियम कशासाठी आहे हे नियम लिहिणाऱ्याला माहीत असतं. खोचरे बाजूला उभे राहून बघत होते. "हे मात्र बरं करता," ते म्हणाले. "उगीच खोळंबा नको."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांची आई गडहिंग्लजला घरात पडली. खुबा मोडला, मग अंथरुणातच न्यूमोनिया झाला. ऐंशीच्या पुढचं वय. मुलगा म्हणून ते एकटेच, एक बहीण, तिचाच मुलगा ओंकार. ही माहिती मला मेसमध्ये तुकड्यातुकड्यांनी कळली. चौदा जुलैच्या विमानाच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. त्या वेळी त्यांनी कुणाला डावललं नव्हतं. बहुतेक माणसं कंपनीने दुसऱ्या कॅम्पांत हलवली होती, कॅम्प रिकामा होत आला होता आणि त्यांचं कारण खरं होतं.

तेरा तारखेला दुपारी ते क्लिनिकमध्ये आले. गनीचाचांच्या पायाचं ड्रेसिंग चाललं होतं. गनी परकार मेसमधले आचारी, दापोलीकडचे. साखरेमुळे पायाची जखम चिघळत चालली होती. यादीत एक्केचाळिसावे, म्हणजे प्रतीक्षेत पहिले.

"उद्याच्या वेळा लावल्यात का?" खोचऱ्यांनी विचारलं.

"लावते आहे. बस साडेसातला सुटणार."

"सुटायलाच हवी. पोलीस नाक्यावरचा परवाना साडेआठचा आहे. मला सकाळी नव्या माणसाला किल्ल्या द्यायच्यात, स्टोअर मोजून द्यायचंय. तुमच्या रांगेत किती वेळ जाईल?"

"तुम्ही रांगेत कशाला उभे राहता साहेब? सगळं आटपून सात वीसला या. पाच मिनिटांचं काम."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "तुमचे उपकार कसे फेडू, सिस्टर. घरून सारखा फोन येतोय. आई दाराकडे बघत असते म्हणे."

"या सात वीसला," मी म्हणाले.

ते गेल्यावर गनीचाचांनी पाय खाली घेतला. "बाय, माझा नंबर लागेल काय गो?"

"साडेसहाला येऊन बसा चाचा. बॅग घेऊन या."

"कोणी आजारी पडेल असा वाटतो तुला?"

"येऊन बसा."

चौदा तारखेला मी पाचला उठले. बाकं क्लिनिकच्या भिंतीलगत सावलीत मांडली. यादीतल्या बाकी एकोणचाळीस जणांना मी साडेसहाची वेळ दिली होती. सगळे आले, बसले, पंधरा-पंधरा मिनिटं झाली, एकेकाला तपासून प्रमाणपत्र दिलं. सातला गनीचाचांनाही तपासलं. छत्तीस नऊ. त्यांचं प्रमाणपत्र लिहून त्यांच्या हातात दिलं आणि बाकावरच थांबायला सांगितलं. एकोणचाळीस माणसं बसमध्ये चढली.

सात वाजून एकवीस मिनिटांनी खोचरे आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, हातात मोबाइल. त्यांनी खुर्चीत बसून कपाळ पुढे केलं.

"इथे नाही, साहेब. बाहेर बाकावर. पंधरा मिनिटं."

ते हसले. "मी ऑफिसातून येतोय. बाविसावर एसी आहे."

"ऑफिसापासून इथवर चालत आलात."

"दोनशे पावलं असतील."

"उन्हातून."

ते अजून हसतच होते, पण डोळे माझ्याकडे लागले होते. "गेल्या वेळी अकाउंट्सवाल्यांना बसवलं नव्हतं तुम्ही. मी स्वतः बघितलंय."

"ती माझी चूक होती. परिपत्रकात अपवाद नाही. सही तुमची आहे."

"सिस्टर, बस साडेसातला सुटते."

"हो."

"मग पंधरा मिनिटं कुठून आणू?"

"बसा साहेब. बोलण्यात वेळ जातोय."

ते उठले आणि बाहेर जाऊन बाकावर बसले, गनीचाचांच्या शेजारी. डोक्यावर भिंतीला परिपत्रक होतं. मी दाराशी उभी राहिले. थर्मामीटर माझ्या खिशात होता. मी घड्याळात बघितलं, सात बावीस.

सात सत्तावीसला ते म्हणाले, "आता बघा. काही बदलणार नाही."

"अजून दहा मिनिटं."

"तसाच चढतो मी बसमध्ये. काय होईल ते विमानतळावर बघू."

"प्रमाणपत्राशिवाय शमशाद घेणार नाही. चढवण्याआधी प्रत्येकाचा कागद बघायचा, हा हुकूम तुम्हीच त्याला दिलाय."

शमशाद म्हणजे बसचा ड्रायव्हर, पेशावरकडचा, शब्दाचा पक्का. साडेसात वाजता तो खाली उतरून आला. "सिस्टर, चालीसवाँ कौन है? नाके का टाइम लिखा हुआ है, मैं रुक नहीं सकता."

"सात मिनिटं थांब म्हणावं," खोचरे मला म्हणाले. मग त्यालाच म्हणाले, "शमशाद, सात मिनट."

"साहब, आपने ही बोला था, किसी के लिए नहीं रुकना."

मी गनीचाचांना म्हणाले, "चाचा, जा."

"बाय, ही साहेबांची जागा..."

"तुमच्या हातात कागद आहे ना? जा."

गनीचाचा उठले. एका पायावर भार देत खोचऱ्यांसमोर थांबले. शमशादने त्यांची बॅग घेतली. गनीचाचांचा पाय पुढे दापोलीत वाचला, एक बोट गेलं तेवढंच. लोक ही हकीकत ऐकली की मला म्हणतात, तुम्ही एका गरजूला घरी पाठवलंत. मी ते श्रेय कधी घेतलेलं नाही. गनीचाचांसाठी मी ते केलं नव्हतं. ते तिथे होते म्हणून काम सोपं झालं.

बस वळून गेटबाहेर गेली. धूळ खाली बसायला वेळ लागला. खोचरे उभे होते, बॅग खांद्यालाच होती.

"हे मुद्दाम केलंत तुम्ही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"बसा साहेब. अजून पाच मिनिटं आहेत."

"आता कशाला?"

"बसा."

ते का बसले मला माहीत नाही. बसले खरे. त्यांचा मोबाइल दोनदा वाजला, त्यांनी उचलला नाही. सात सदतीसला मी त्यांचं तापमान घेतलं. छत्तीस चार. पुस्तक काढलं, प्रमाणपत्र लिहिलं, नाव, तारीख, वेळ, तापमान, प्रवासास योग्य. पान फाडून त्यांच्या हातात दिलं.

"तुम्ही ठणठणीत आहात," मी म्हणाले.

त्यांनी कागद वाचला. पुस्तकाकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. कोपऱ्यातल्या छापील नंबरावर त्यांचा अंगठा थांबला.

"पावत्या बघितल्या होत्यात तर," ते म्हणाले.

"बारा नंबर."

"तेव्हा बोलला नाहीत काही."

"प्रभुदासचा ताप छत्तीस आठ होता. काखेत, पाच मिनिटं धरून."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. दोनशे पावलं चालत ते ऑफिसात परत गेले. ऑफिसच्या किल्ल्या त्यांनी सकाळीच नव्या माणसाला दिल्या होत्या. ते दाराबाहेर उभे राहिलेले मला क्लिनिकच्या खिडकीतून दिसत होते.

शनिवारी, अठरा तारखेला, त्यांची आई गेली.

सकाळी दहाच्या सुमारास ते क्लिनिकच्या दारात आले. आत आले नाहीत. पांढरा पंचा नेसले होते, वर बनियन. हातात मेसमधला स्टीलचा वाडगा, त्यात पाणी, आणि कागदाच्या पुडीत काळे तीळ. ते मेसमध्ये कुठून मिळाले कोण जाणे.

"तिकडे घेऊन निघालेत," ते म्हणाले. "भटजी मोबाइलवर सांगणार आहेत, तसं इथून करायचं. पण दोन्ही हात मोकळे लागतात."

मी हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"कॅम्पात सतरा जण उरलेत. सगळे साइटवर गेलेत."

मी हातमोजे काढून टोपलीत टाकले.

"त्या दिवशी मी धरला होता," ते म्हणाले.

पाण्याच्या टाकीची सावली तेवढी मोकळी होती. ते दक्षिणेकडे तोंड करून जमिनीवर बसले, जिथे प्रभुदास बॅग घेऊन बसला होता त्याच जागी. त्यांना ते माहीत नव्हतं. मी समोर उभी राहून मोबाइल दोन्ही हातांनी छातीजवळ धरला, पडदा त्यांच्याकडे. मला फक्त आवाज येत होते. लाकडं टाकल्याचे, कुणाच्या तरी खोकल्याचे, भटजींचे. मग भटजी म्हणाले, "अग्नी कोण देतंय?" आणि एक तरुण आवाज म्हणाला, "मी. ओंकार. नातू."

खोचऱ्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलच्या वरून त्यांच्याकडे बघत होते. ओंकार घरी नसता तर त्यांच्या आईला अग्नी द्यायला रक्ताच्या नात्यातला पुरुष उरला नसता. हे त्यांना कळलं. मला कळलेलं त्यांना दिसलं. मग भटजींनी सांगितलं तसं त्यांनी ओंजळीत पाणी आणि तीळ घेतले आणि सोडले. अर्धं पाणी आधीच सांडत होतं. तीन वेळा.

बत्तीस मिनिटं लागली. माझे हात हलले नाहीत.

शेवटी त्यांची बहीण पलीकडून म्हणाली, "दादा, तू अगदी समोर बसल्यासारखा दिसत होतास. फोन कुणी धरलाय?"

"इथल्या सिस्टर आहेत."

"त्यांना म्हणावं देव तुमचं भलं करो."

मी फोन बंद केला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि त्यांना दिला. त्यांनी तो घेतला. ते पाच ऑगस्टच्या विमानाने गेले. त्यांचं तापमान मीच घेतलं, पंधरा मिनिटं बसवून. सकाळी सहाला येऊन ते सगळ्यांच्या आधी बाकावर बसले होते.

मी त्या डिसेंबरात मिरजेला परतले. इथल्या डायलिसिस विभागात आहे, मंगळवार-शुक्रवारचा तक्ता आता माझ्याकडे असतो. आई ब्याऐंशीची झाली. संध्याकाळी दिवा लागला की ती प्रार्थना करते. आजारी माणसांसाठी, शेजाऱ्यांसाठी, प्रभुदासच्या आत्म्यासाठी. आणि शेवटी, एकही दिवस न चुकता, ज्याने परक्या मुलखात माझ्या लेकराचं शेवटचं दर्शन मला घडवलं, ज्याचा हात हलला नाही, त्या माणसासाठी. त्याचं नाव काय, असं तिने इतक्या वर्षांत दोन-तीनदा विचारलं. मी म्हणते, आठवत नाही.

घरातले सगळे आमेन म्हणतात. त्या एका वाक्याला मी गप्प राहते.